पोरांचे दात रात्री आपणच घासून द्यायचे

आमची लेक साडेतीन वर्षांची आणि नणंद, म्हणजे आमच्या ताई, दातांची डॉक्टर, त्यामुळे बाकी कशात नाही पण या एका विषयात मला फुकटची ट्यूशन मिळते. मैत्रिणी सारखं विचारतात म्हणून एकदाचं लिहून टाकते. पोराचा दात दुखत असेल तर मात्र हे वाचत बसू नका, आधी दाखवून या.

"दुधाचेच दात आहेत, पडणारच की" हे वाक्य ऐकलं की ताईंचं डोकं फिरतं. पडणारेत हो, पण कधी? पुढचे सहा-सात वर्षांचं झालं की पडायला लागतात, मागच्या दाढा मात्र 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात असतात, म्हणजे चौथ्या वर्षी किडलेली दाढ घेऊन पोरगं पाचवी-सहावीपर्यंत जेवणार का? आणि ती आधीच काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही, मग तो वाकडा येतो आणि पुढे तारा लावायचा खर्च वेगळाच.

आपल्याकडे सगळं उलटं आहे. सकाळी दात घासल्याशिवाय चहा-दूध नाही यावर घरात एकमत, आणि रात्री पोर पेंगुळलं की "राहू दे आज". खरं तर झोपेत लाळ कमी होते, आणि दिवसभर दात धुवून काढायचं काम लाळच करत असते, म्हणून रात्रीचा ब्रश जास्त महत्त्वाचा. झोपायच्या वेळेपर्यंत थांबलात तर रोज भांडण ठरलेलं. आम्ही जेवण झाल्या झाल्याच उरकून टाकतो, त्यानंतर फक्त पाणी. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं तर बंदच करा, त्यात साखर असो नसो. त्याने वरचे पुढचे दात आधी जातात, खालचे जिभेआड असल्याने बरेचदा वाचतात. अधूनमधून वरचा ओठ उचलून बघायचं, हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते आणि तेव्हाच डॉक्टरांकडून फ्लोराइड वार्निश (दात कणखर करणाऱ्या फ्लोराइडचा लेप) लावून घेतलं तर तिथेच थांबवता येते. आपण डॉक्टरकडे जातो ते काळं पडल्यावर.

पोरांच्या हातात ब्रश देऊन "शहाणं बाळ" म्हणणं पुरत नाही, ते बिचारं चावत बसतं. सात-आठ वर्षांपर्यंत त्यांचा हात नीट फिरतच नाही. आधी तिची पाळी, मग माझी, असं आमचं ठरलंय. मी मांडी घालून बसते, तिचं डोकं मांडीवर, म्हणजे मागच्या दाढा नीट दिसतात. सुरुवातीला रडायची. रडताना तोंड मोठं उघडतं, तेवढ्यात मागचं घासून घे, असं ताईंनी निर्विकारपणे सांगितलं होतं!

पेस्टच्या जाहिरातीत ब्रशभर लांब पट्टा दाखवतात तो विसरा. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, बास. कार्टून बघून ट्यूब घेऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा, फ्लोराइड 1000 पीपीएमच्या आसपास हवं. नंतर थुंकायचं पण खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर लावलेलं सगळं धुऊन जातं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागात बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं तिथल्यांनी मात्र पेस्ट डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता खरा अवघड पेपर, म्हणजे आजी-आजोबा. सासरे दर तासाला अर्धं बिस्कीट देतात, "एवढंसं तर आहे". पण किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याने जास्त फरक पडतो, कारण प्रत्येक वेळी तोंडात आम्ल तयार होतं आणि ते निवळायला अर्धा तास तरी जातो. मी सांगितलं तर सून बोलली असं होतं, म्हणून ताईंनाच फोनवर त्यांच्याशी बोलायला लावलं. लेकीचं ऐकलं त्यांनी! आता जे गोड असेल ते जेवणासोबत, अगदी लाडूसुद्धा. आणि गूळ चालतो असं काही नाही हं, तोही दाताला चिकटतोच. गावाला आजेसासूबाई मिश्री लावतात, पोरगी शेजारी बसून बोट पुढे करते. तिथे मात्र मी भीडभाड ठेवत नाही, त्यात तंबाखू असते, सरळ उचलून घेऊन येते.

अजून एक, कारण हे भल्याभल्यांना माहीत नसतं. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवीन दाढ येते, कुठलाही दात न पडता, गुपचूप. ती दुधाची समजून दुर्लक्ष होतं, पण ती पक्की असते, परत येणार नाही. मोबाइलचा टॉर्च मारून बघत राहा आणि दिसली की तिच्या खाचांमध्ये सीलंट (अन्न अडकू नये म्हणून खाचा बुजवणारा पातळ थर) भरायचं का ते डॉक्टरांना विचारून घ्या.