क्षीरसागरांची पावती

नागपूरच्या कळमना बाजारातील एका अडत्याकडे आवक नोंदवण्यासाठी टर्मिनलवर, म्हणजे फक्त अक्षरे दाखवणाऱ्या पडद्यावर, चालणारा जुना प्रोग्राम आहे. संत्र्यांच्या हंगामात गाड्यांची रांग लागली की नोंद करणाऱ्या ताईंचे हात कीबोर्डवरून उठत नाहीत, आणि त्या वेगाला माउस नसलेला हा पडदाच योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रोग्राम दुरुस्त करायला मला बोलावणे आले, ते क्षीरसागर आडनावाच्या शेतकऱ्याचे नाव पावतीवर बिघडून छापले गेले म्हणून.

ताईंनी माझ्यासमोर ते आडनाव टाइप करून बॅकस्पेस दाबले, तेव्हा शेवटचा ‘र’ पुसला जाण्याऐवजी त्याच्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटले. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. प्रोग्राम मात्र कीबोर्डकडून एकेक बाइट घेत होता आणि बॅकस्पेसला एकच बाइट काढत होता, त्यामुळे ‘र’चे दोन बाइट मागे उरत होते. टर्मिनलचा पडदा हाताळणाऱ्या एनकर्सेस या लायब्ररीत पूर्ण चिन्ह वाचणारे वेगळे फंक्शन आहे. लोकेल, म्हणजे भाषा आणि लिपीची मांडणी, आधी ठरवून ते वापरताच प्रश्नचिन्ह गेले.

खरा विचार त्यानंतर करावा लागला. क्षीरसागर म्हणजे २७ बाइट, ९ चिन्हे (हलन्त, काना, वेलांटी वेगळी मोजून) आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने ५ अक्षरे. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या अक्षरविभागणीत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांनी ‘क्षी’चे ‘क्’ आणि ‘षी’ असे दोन तुकडे पडत. मी नवा नियम लावून बॅकस्पेसला संपूर्ण अक्षर पुसायला लावणार होतो, पण ताईंनी अडवले: “भाऊ, वेलांटी चुकली तर वेलांटीच पुसा ना जी, अख्खं अक्षर कायले पुसता?” त्यांचे म्हणणे रास्त होते, कारण ‘क्षी’ पुन्हा उभारायला चार चिन्हे लागतात. म्हणून बॅकस्पेस एक चिन्ह पुसते, डिलीट पूर्ण अक्षर पुसते आणि बाणांच्या कळा अक्षराच्या मध्ये कधीच थांबत नाहीत.

पडद्यावरचे रकाने तरीही सरकत होते. कोणते चिन्ह पडद्यावर किती घरे घेते हे सांगणाऱ्या अनेक प्रचलित तक्त्यांत हलन्त आणि उकार शून्य जागा घेतात, तर काना आणि वेलांटी प्रत्येकी एक. त्या हिशेबाने हे आडनाव ८ घरांचे होते, पण अक्षरे जोडून रेखणारे टर्मिनल ते कमी जागेत बसवू शकते. रुंदी मोजतो प्रोग्राम आणि रेखतो टर्मिनल, आणि दोघांचे एकमत होईलच याची शाश्वती नाही. त्यामुळे नावापुढे रिकाम्या जागा भरणे मी सोडून दिले आणि वजनाचा आकडा लिहिण्याआधी कर्सर थेट ठरलेल्या स्तंभावर नेणारी आज्ञा पाठवली. आता नाव कितीही जागा घेवो, वजने एकाखाली एक येतात.