घासलेला टायर कोरड्यात भारी का वाटतो आणि पावसात ग्रिप का सोडतो

इथे स्टुटगार्टला वर्षातून दोनदा अख्खं गाव टायर बदलायला निघतं. साधारण ऑक्टोबर ते ईस्टर विंटर टायर आणि बाकीचे महिने समर टायर, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे चार टायर ठेवायला जागा कुठून असणार, त्यामुळे काढलेला सेट वर्कशॉपवालेच पैसे घेऊन पुढच्या सीझनपर्यंत सांभाळतात. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सेट जमा केल्यावर हातात येणारा कागद. त्यावर चारही टायरची नक्षी किती मिलिमीटर उरलीय ते वेगवेगळं लिहिलेलं असतं, पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, आणि शेजारी टायर कुठल्या वर्षी बनलाय तेही. गाडीकडे अजिबात लक्ष न देणाऱ्या माणसालाही आपल्या टायरचा हिशोब आपोआप मिळतो.

आपल्याकडे टायरवाल्याकडे जाणं होतं ते पंक्चर झालं की, नाहीतर टायर पार गोटा झाला की. मधल्या काळात टायरबरोबर काय होतंय हे कोणी सांगत नाही आणि आपण विचारतही नाही.

मे महिन्यात सुट्टीला ठाण्याला आलो होतो तेव्हा मावसभावाबरोबर घोडबंदर रोडला चक्कर झाली. त्याच्याकडे पोलो जीटी आहे, जिवापाड सांभाळतो, कंपनीचे टायर काढून त्याने २०५ मिलिमीटर रुंदीचे महागडे, मऊ कंपाउंडचे (म्हणजे मऊ रबर मिश्रणाचे) परफॉर्मन्स टायर टाकलेत आणि स्प्रिंग बदलून गाडी थोडी खालीही घेतलीय. गायमुखच्या वळणांवर मला म्हणतो, "दादा, टायर आता कुठे सेट झालेत बघ. नवे होते तेव्हा जरा लुळे वाटायचे, आता स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते. हा पावसाळा आरामात निघेल."

यातलं पहिलं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि शेवटचं साफ चुकीचं. आणि खरी मेख ही आहे की पहिलं खरं असल्यामुळेच शेवटच्यावर आपला विश्वास बसतो. गाडी जीव लावून चालवणारी पोरं यातच फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

नव्या परफॉर्मन्स टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. म्हणजे रस्त्याला टेकणारे रबराचे ठोकळे तेवढे उंच, आणि वळणावर जोर आला की ते मुळापासून वाकतात. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, आधी ठोकळे वाकतात, मग गाडी वळते. टायर घासून ४ मिलिमीटरवर आला की ठोकळे बुटके होतात, कमी वाकतात, आणि गाडी एकदम तरतरीत वाटायला लागते. रेसिंगमध्ये कोरड्या ट्रॅकवर नक्षीच नसलेले स्लिक टायर लावतात त्यामागे हेही कारण आहे, आणि रस्त्यालाही जास्त रबर टेकतं. अमेरिकेत ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत शंकू मांडून आखलेल्या छोट्या ट्रॅकवरची वेळेची स्पर्धा) करणारे काही लोक तर कोरे टायर मशीनवर मुद्दाम तासून घेतात. तेव्हा कोरड्यात नक्षी कमी झाली की ग्रिप कमी झाली असं सरळ गणित नाहीये.

मग ग्रिप जाते कशी? तर रबर रस्त्याला धरतं ते दोन प्रकारे. एक म्हणजे रबर आणि खडी यांच्यातली अगदी रेणूंच्या पातळीवरची चिकटण, त्यासाठी दोघं एकमेकांना प्रत्यक्ष टेकायला हवेत, मध्ये पाण्याचा पातळ थर जरी आला तरी ती संपली. दुसरं म्हणजे रबर खडीच्या बारीक टोकांवर दबतं आणि पुढे गेल्यावर परत फुगतं, पण जेवढ्या जोरात दबलं तेवढ्या जोरात परत येत नाही, मधली ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि ऊर्जेचा हा तोटाच गाडीला रस्त्यावर धरून ठेवतो. मायलेजसाठी बनवलेल्या टायरमध्ये हा तोटा कमी ठेवायचा प्रयत्न असतो, परफॉर्मन्स टायरमध्ये तो जाणूनबुजून जास्त ठेवतात. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते या मऊ, सुस्त रबराचे.

आणि हा मऊपणा नक्षीची वाट बघत थांबत नाही. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेलं व्हल्कनायझेशन म्हणजे रबराच्या लांब साखळ्यांना गंधकाने एकमेकींशी जोडणं, त्यामुळेच रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होत नाही. पण टायर कारखान्यातून बाहेर पडला म्हणून आतली केमिस्ट्री थांबत नाही. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून आणखी जोड तयार करत राहतात, साखळ्यांना हलायला वाव कमी होत जातो, शिवाय रबर मऊ राहावं म्हणून घातलेली तेलं हळूहळू बाहेर पडतात. टायर दिसायला तसाच, मोजायला तसाच, पण कडक. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे ठाण्यात मे महिन्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा टायर आणि इथे स्टुटगार्टच्या तळघरात ठेवलेला टायर, दोघांवर तारीख एकच असली तरी वय एक नसतं. बरेच उत्पादक १० वर्षं ही कमाल मर्यादा सांगतात, पण मऊ कंपाउंडवाला, त्यातून आपल्या उन्हातला टायर, ग्रिपच्या बाबतीत त्याच्या खूप आधी उतरतो असं माझं स्पष्ट मत आहे.

जोरात चालवणाऱ्यांच्या टायरला अजून एक गोष्ट लागू होते. टायर खूप तापणं आणि मग पूर्ण गार होणं, याला हीट सायकल म्हणतात, आणि अशा प्रत्येक फेरीत रबर थोडं थोडं कडक होत जातं. इथून काही तासांवर न्युरबुर्गरिंग आहे, त्यातला नॉर्डश्लाइफे हा २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक ठरलेल्या दिवशी पैसे भरून कोणालाही आपल्या गाडीने चालवता येतो. तिथल्या पार्किंगमध्ये बघण्यासारखी गोष्ट म्हणजे लोक गाड्यांपेक्षा टायरजवळ जास्त वेळ बसलेले असतात. कोणी खांद्याकडचं, म्हणजे टायरच्या कडेचं रबर अंगठ्याने दाबून बघतो, कोणी प्रेशर मोजून हवा कमी करतो कारण टायर तापला की आतलं प्रेशर वाढतं. नक्षी चांगली दिसणारे सेट लोक नुसते कडक झालेत म्हणून बदलतात.

काही टायरमध्ये वरचा थर आणि खालचा थर वेगळ्या कंपाउंडचा असतो. वरचा ग्रिपसाठी, खालचा कमी तापावा आणि कमी ऊर्जा खावी म्हणून. टायर अगदी शेवटाला आला की तुम्ही त्या खालच्या थराच्या जवळ पोचलेले असता, मग कोरड्यातलाही फरक जाणवायला लागतो.

आता पावसाचं. हा खरा मुद्दा आहे.

साधा हिशोब करून बघा. टायर २०५ मिलिमीटर रुंद, रस्त्यावर २ मिलिमीटर पाणी, वेग ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. एका टायरच्या वाटेत दर सेकंदाला ११ लिटरहून जास्त पाणी येतं, जवळजवळ एक बालदी. ते बाजूला सारायला किंवा नक्षीच्या खाचांत घ्यायला हवं, तरच रबर रस्त्याला टेकणार. खाचा उथळ झाल्या की जागा नाही, पाणी टायरच्या पुढे साठतं, पाचर घुसावी तसं खाली शिरतं आणि टायर पाण्यावर उचलला जातो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक दाबला तरी गाडी आपल्याच नादात सरळ जाते. हेच अॅक्वाप्लॅनिंग. रुंद टायरला हा त्रास आधी होतो कारण मधल्या पाण्याला बाहेर पडायला लांबचा रस्ता असतो, म्हणजे हौसेने रुंद टायर टाकलेल्यांनी नक्षीकडे जास्त लक्ष द्यायला पाहिजे, कमी नाही.

त्यात अजून एक भानगड आहे. खाचा बऱ्याच वेळा वर रुंद आणि तळाशी अरुंद असतात आणि ठोकळ्यांवरचे बारीक चिरे तर पूर्ण खोलीपर्यंत नेलेलेच नसतात. त्यामुळे खोली निम्मी झाली की पाण्याची जागा निम्म्याहूनही कमी उरते. मिलिमीटर सावकाश उतरतात, पावसातली ग्रिप शेवटी शेवटी धाडकन उतरते.

नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात विमानाच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र काढलं होतं. टायरचं प्रेशर पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, १६.७ ने गुणा, आलेला आकडा म्हणजे ताशी किती किलोमीटरला टायर पाण्यावर तरंगेल. ३२ पीएसआयला येतात साधारण ९४, आणि हवा कमी होऊन २५ वर आली तर ८३. कारच्या टायरला हा अंदाज ढोबळच आहे, पण एक अट बघण्यासारखी आहे, पाण्याची खोली नक्षीपेक्षा जास्त असेल तेव्हाचं हे सूत्र आहे. नवीन टायरला ८ मिलिमीटर पाणी लागेल, गोट्याला २ मिलिमीटर पुरतं. आणि आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा आहे, म्हणजे नियमात राहूनही तुम्ही त्या आकड्याच्या वर असता. नवी मुंबईच्या पामबीच रोडला रात्री पावसात लोक ज्या वेगाने जातात ते आठवून मला खरंच काळजी वाटते.

इथे ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या महामार्गांवर, वेगमर्यादा नसलेले पट्टे आहेत हे सगळ्यांना माहितीय, पण बऱ्याच ठिकाणी ८० ची पाटी आणि तिच्याखाली 'बाय नेसे' असं लिहिलेलं असतं, म्हणजे रस्ता ओला असेल तरच ही मर्यादा. कोरड्यात दोनशेने जाणारा माणूस पावसात तिथे ८० वर येतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, रस्ता बांधणाऱ्यांनी पाण्याचा विचार केलाय हे दिसतं.

कायद्याने किमान नक्षी इथेही १.६ मिलिमीटर आणि भारतातही कारला १.६ च. इथे त्याखाली सापडलात तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. पण एडीएसी ही इथली मोटारवाल्यांची मोठी संघटना समर टायर ३ मिलिमीटरला बदला असं सांगते, आणि एक युरोच्या नाण्याची सोनेरी कड बरोबर ३ मिलिमीटर असते, खाचेत नाणं घातलं आणि सोनेरी भाग दिसायला लागला की समजायचं. युरोपात २०२४ पासून टायरच्या नव्या मॉडेलला घासलेल्या अवस्थेतही ओल्या रस्त्यावरची ब्रेकिंगची चाचणी पास व्हावी लागते. त्याआधी सगळी परीक्षा कोऱ्या टायरचीच व्हायची.

तर घोडबंदरवरून परत आल्यावर मावसभावाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढचा टायर बघितला. मधली खाच ३ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे तो खूश. मग मी आतल्या बाजूने हात घातला. आतला खांदा जवळजवळ गुळगुळीत, टीडब्ल्यूआयची पट्टी (टायर किती घासलाय ते दाखवणारी खाचेतली उंच पट्टी) ठोकळ्यांच्या बरोबरीला आलेली. गाडी खाली घेतल्यावर चाकं वरून आत झुकतात आणि अलाइनमेंट परत नीट करून घेतली नाही की आतली कड गुपचूप खाल्ली जाते, उभ्या उभ्या बघितलं तर बाहेरून काहीच दिसत नाही. मग टायरच्या बाजूवर छापलेला डीओटी कोड शोधला, त्यात टायर कधी बनला ते असतं, शेवटचे चार आकडे २२१९, म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. ठोकळ्यात नख रुतवून बघ म्हटलं, नखाची खूणही उमटेना. शेजारी त्याच्या मित्राच्या गाडीला त्याच महिन्यात टाकलेले नवे टायर होते, त्यावर नख लगेच रुतलं. ही काही लॅब टेस्ट नाही, पण दोन टायर शेजारी असले की हाताला कळतं.

त्याला पटलं. मग प्रश्न आला, "दोनच घेतो आत्ता, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, मग पुढेच टाकायचे ना?" आपल्याकडे सगळे हेच सांगतात, पण टायर कंपन्यांचा सल्ला उलटा आहे, नवे दोन मागे टाकायचे. पुढच्या चाकांची ग्रिप सुटली तर गाडी सरळ जायला बघते, हाताला लगेच कळतं, अॅक्सिलरेटर सोडला की बऱ्याच वेळा परत धरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि पावसात वळणावर ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. पण त्याच्या बाबतीत पुढच्यांचे आतले खांदे गेलेले आणि मागचे दोन्हीही त्याच २०१९ चे, त्यामुळे मागे-पुढे करण्यात अर्थच नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने चारही बदलले, अलाइनमेंट करून घेतली, आणि रात्री तक्रारीचा मेसेज आलाच, "दादा, स्टिअरिंग परत लुळं वाटतंय."