वायरलेसची वायर

दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला, तो डोळ्यांवर बांधायचा एक डबा घेऊन. व्हीआर हेडसेट. म्हणाला, "काका, ह्यात आपलं शिवार वरून बघता येतं. फक्त ते कॉम्प्युटरवर चालतं आणि तिथून हेडसेटमध्ये आणावं लागतं. पण काळजी नको, वायरलेस आहे." ह्या शेवटच्या शब्दावर मी भरवसा ठेवला, आणि पुढचे तीन दिवस वायरीच्या मागे गेले.

आमचं घर औसा तालुक्यातलं. अर्धं जुनं, अर्धं स्लॅबचं. कॉम्प्युटर स्लॅबच्या खोलीत, आणि डोळे झाकून हातपाय झाडायला मोकळी जागा म्हणाल तर जुन्या ढाळजेत. मधली भिंत दगडमातीची, दोन हात रुंद. वर पूर्वी माळवद होतं, म्हणजे लाकूड-मातीचं जड छत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, माळवदाच्या ओझ्याखाली माणसं कशी गाडली गेली ते सगळ्या तालुक्यानं पाहिलं, आणि पुढच्याच वर्षी आबांनी माळवद उतरवून पत्रे टाकले. भिंत तेवढी ठेवली. मे महिन्यात पत्रा तापून तडतडायला लागला तरी त्या भिंतीला पाठ लावली की डोळा लागतो.

तीच भिंत वायफायला आडवी आली.

राउटरला दोन वाटा असतात. 2.4 गिगाहर्ट्‌झची वाट भिंतीतून बरी जाते, पण मंद, आणि तिच्यावर गल्लीतल्या सगळ्या राउटरांची गर्दी. 5 ची वाट वेगवान, पण दगड लागला की तिचा दम सुटतो. पहिल्या संध्याकाळी मी हेडसेट चढवला. समोर बर्फाचे डोंगर. छान! मान वळवली, तर डोंगर माझ्याबरोबरच वळला. मग चित्राचे चौकोनी तुकडे पडले, मग तो डोंगर एकदम जागेवर सरकला आणि माझ्या पोटातली करंजी गळ्याशी आली. पुतण्यानं कारण सांगितलं. सेकंदाला 90 चित्रं लागतात, म्हणजे एकेकाला जेमतेम 11 मिलिसेकंद. कॉम्प्युटर चित्र काढतो, दाबून बारीक करतो, हवेतून पाठवतो, हेडसेट ते परत उलगडतो. ह्यात उशीर झाला की कानातला तोल म्हणतो मान वळली, डोळे म्हणतात नाही वळली, आणि दोघांच्या भांडणात पोट मरतं. आमच्या भावकीत नेहमी होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. इंटरनेटवाल्याला फोन लावून दुप्पट वेगाचा प्लॅन घेतला, तोही वर्षाचे पैसे आगाऊ भरून. संध्याकाळी डोंगर होता तसाच अडकला. हे चित्र घरातल्या घरात फिरतं, कॉम्प्युटर ते राउटर आणि राउटर ते हेडसेट. बाहेरून येणारी लाइन किती मोठी ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. हे पुतण्याला ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं म्हणून तो बोलला नाही. पुण्यात राहून पोरं फार सभ्य होतात.

मग राउटरच ढाळजेत आणायचा ठरला. भिंतीत एक देवळी आहे, जिथं आजी कंदील ठेवायची, तिथं तो बरोब्बर बसला. त्याच्यापासून कॉम्प्युटरपर्यंत केबल न्यायची. घरात एक जुनं भेंडोळं पडलं होतं, ते चौकटीच्या वरच्या फटीतून ओढलं. आता हेडसेट आणि राउटर समोरासमोर, मध्ये भिंत नाही. वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या. तरीही चित्र अडकायचंच! पुतण्या सेटिंगमागून सेटिंग बदलत बसला. चॅनेल बदलला, फ्रेम 90 वरून 72 वर आणल्या, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकला. एकदम पाच गोष्टी बदलल्यावर काय सुधारलं आणि काय बिघडलं तेही कळेना.

आबा अडकित्त्यानं सुपारी कातरत बघत होते. वय अठ्ठ्याहत्तर. "काय करलालास रे मघापासून?" पुतण्यानं सांगितलं. आबांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण म्हणाले, "मोटर पाणी उचलंना, तर कुणी आधी मोटर खोलतंय का? आधी फूटव्हॉल्व्ह बघावं. मग पाइप. एकेक."

पुतण्या गप्प झाला आणि उठून केबलकडे गेला. कॉम्प्युटरमध्ये त्या केबलचा वेग बघितला तर सेकंदाला हजार मेगाबिटच्या जागी शंभर! केबलच्या पोटात आठ तारा असतात. शंभरचा वेग चार तारांवर भागतो, हजाराला आठही लागतात. भेंडोळं उलटून पाहिलं. मधोमध उंदरानं कुरतडलं होतं, आणि ते माळ्यावर मीच टाकलं होतं. वेग शंभरचा आणि आम्ही त्यातून दीडशेचं चित्र रेटत होतो. हेडसेट, राउटर, ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. ह्या वायरीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. औशाहून पंधरा मीटर नवी केबल आणली. जोडली. मान वळवली. डोंगर जागचा हलला नाही.

मग आबांना खुर्चीत बसवून हेडसेट चढवला. गूगल अर्थचं व्हीआर, 2016 साली आलेलं. पुतण्यानं त्यांना उंच नेलं आणि आमच्या शिवारावर आणून सोडलं. मोठ्या शहरांत त्यात इमारती उभ्या दिसतात. आमचं गाव चादरीवर छापल्यासारखं सपाट. मला वाटलं आबा हिरमुसतील. ते खुर्चीचे दांडे धरून पुढं वाकले. विहीर सापडली, बाभूळ सापडली. बोटानं हवेत एक रेघ ओढत ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्ही दोघं श्वास रोखून उभे.

"बांध कोरलाय शेजाऱ्यानं," आबा म्हणाले. "वरून कसं साफ दिसतंय बघ. नांगराची दोन तासं सहज आत आलाय."

"आबा, फोटो जुना असतो हा," पुतण्या म्हणाला.

"जुना? मग आता तर अजून लई आत आला असंल." हेडसेट न काढताच त्यांनी माझ्या दिशेनं, म्हणजे भिंतीकडे, तोंड केलं. "ह्याची प्रिंट निघती का रे? तहसीलला द्यायची."