कोजागिरी, कविता आणि म्यूटचं बटण

२०२० सालची कोजागिरी ३० ऑक्टोबरला आली. सांगलीतली सभागृहं बंद, गच्चीवरही गर्दी नको, म्हणून मंडळाचं वार्षिक कविसंमेलन मोबाइलवर भरलं. नाइलाजाने सुरू झालेली ही बैठक नंतरही टिकली ती तासगाव-पलूसकडच्या कवींमुळे. कोजागिरी पडते नेमकी द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत. दिवसभर बागेत राबून, काडीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावून झाल्यावर सांगली गाठायचं त्राण कुणात असतं? फोनवर मात्र हीच मंडळी हातपाय धुऊन नऊच्या ठोक्याला हजर असत. एरवी पत्रिकेवर नाव छापून खुर्ची रिकामी राहायची, ते थांबलं.

फुकटातलं झूम ४० मिनिटांनी तुटतं, तेव्हा कार्यक्रमाचा साचाच त्यावर बेतला गेला. एका भागात ७ कवी, प्रत्येकाला ४ मिनिटं, निवेदनाला एकेक मिनिट आणि उरलेली ५ मिनिटं गोंधळासाठी राखीव. मध्यंतरात ज्याने त्याने आपापल्या घरचं मसाला दूध प्यायचं आणि त्याच लिंकवर परत यायचं. मुक्तछंदाच्या तीसेक ओळी दोन मिनिटांत संपतात. पाच शेरांच्या गझलेला पुरी चार लागतात, कारण प्रत्येक शेराची पहिली ओळ दोनदा घ्यायची असते. सगळ्यात जास्त वेळ खातो तो ‘एक छोटीशी रचना सादर करतो’ म्हणणारा. त्याची प्रस्तावनाच कवितेहून लांब. चॅटमध्ये ‘वेळ संपली’ लिहून काही होत नाही. कवी कागदात बघतो, चॅटमध्ये नाही. निवेदकानेच दोन कडव्यांच्या मध्ये आवाज द्यावा.

आवाजाची दुखणी ठरलेली. एका खोलीत दोन फोनवरून मिटिंग उघडली की शिट्टी वाजलीच. फेसबुक लाइव्ह चालू असेल आणि घरातलं कुणी शेजारच्या खोलीत ते मोठ्याने लावून बसलं असेल, तर कवीचीच ओळ काही सेकंदांनी मागून परत येते आणि तो गडबडतो. इअरफोन लावला, लाइव्ह बंद केलं, की निम्मी कटकट मिटते. फोन हातात धरला तर बोट खालच्या माइकच्या भोकावर जातं, म्हणून तो डब्याला टेकवून उभा करायचा. मध्येच कुणाचा फोन आला तर कविता तुटते; घरी वायफाय असेल तर आधी एअरप्लेन मोड लावून मग वायफाय चालू करावं.

तरन्नुममध्ये, म्हणजे सुरात गझल म्हणणाऱ्यांचं दुःख निराळं. अ‍ॅप लांबवलेला स्वर आणि मागचा तंबोरा गोंगाट समजून कापून टाकतं. तंबोरे घडवणारी मिरज हाकेच्या अंतरावर, आणि इथे तंबोऱ्याचीच ही गत! ऑडिओच्या सेटिंगमधलं ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं की स्वर अखंड येतो. मग मात्र पंखा बंद ठेवावा लागतो, कारण तोही तितक्याच इमानदारीने ऐकू येतो.

खरी अडचण दादेची. सगळ्यांना म्यूट केलं की चांगल्या शेरावरही स्मशानशांतता, आणि कवी मध्येच विचारतो, “ऐकू येतंय ना?” सगळे माइक उघडे ठेवले तर कुकरच्या शिट्टीसकट अख्खी सांगली आत येते. त्यावर निघालेला तोडगा साधा होता: इअरफोनवाले चार जाणकार रसिक निवडायचे, फक्त त्यांचे माइक उघडे ठेवायचे. बाकीच्यांनी चॅटमध्ये लिहावं. तरी आवाज थोडा उशिरा पोचतोच, त्यामुळे ‘क्या बात है’ पुढच्या ओळीवर आदळतं. सरावलेले गझलकार शेर संपला की श्वासभर थांबायला शिकले. रंगमंचावर ही थांबण्याची कला अनेकांना कधी जमली नव्हती.

निवेदकाचं नेट जाणार हे धरूनच चालावं. दुसऱ्या गावातला एक राखीव निवेदक आधीच नेमलेला असला आणि कवींचा क्रम त्याच्याही हातात असला, की खोळंबा होत नाही.

दुसरा भाग संपल्यावर तीच लिंक तिसऱ्यांदा उघडायची प्रथा पडली. तिथे कुणी कविता म्हणत नसे. आटपाडीत पाऊस झाला का, छाटणीला मजूर मिळाले का, कुणाच्या बागेत डावणी (द्राक्षावरचा बुरशीरोग) दिसली, हेच चालायचं. आणि संमेलनात कॅमेरा बंद ठेवून बसलेली मंडळीही तेव्हा तोंड दाखवायची.