वजा सहा

दुपारपासून ३२ हा आकडा डोक्यातून जात नाहीये.

प्रोग्राम नीट चालतोय का बघायला हाताखालच्या पोरीने माझीच माहिती टाकली. वय ५८, शिक्षण २० वर्षं. 'अनुभव'च्या रकान्यात ३२ उमटलं. "बरोबर येतंय ना, मॅडम?" हो म्हटलं. बरोबरच होतं. वय वजा शिक्षण वजा सहा; अर्थशास्त्रातल्या कमाईच्या समीकरणात अनुभव असाच काढतात. शाळेत सहाव्या वर्षी गेलात आणि शिकून झाल्या झाल्या कामाला लागलात, असं धरून चालायचं.

मधली सहा वर्षं मी आईजवळ होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, वहीत वेळ लिहायची. त्या वह्या अजून माळ्यावर आहेत. दादा तेव्हा... जाऊ दे.

गंमत म्हणजे समीकरण सहा वर्षं वजा करतंच, पण शाळेआधीची. खेळण्यातली. ही सहा मात्र पगारी अनुभव म्हणून जमा!

हे समीकरण मांडणाऱ्या अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सरला बोल लावण्यात अर्थ नाही. १९७४च्या पुस्तकात त्याच्यापुढे होते ते १९६०च्या अमेरिकी जनगणनेतले गोरे, शेतीबाहेरचे पुरुष. त्यांना ही वजाबाकी बऱ्यापैकी लागू पडायची. बायकांना पडत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्याच वर्षी सॉलोमन पोलाचेक या अर्थतज्ज्ञाबरोबरच्या निबंधात त्याने विवाहित स्त्रियांची नोकरीतली वर्षं वेगळी आणि घरातली वेगळी मोजली. तो निबंध मी दरवर्षी शिकवते, अगदी आवाज चढवून. आणि डेटात खरी वर्षं नसली (नसतातच) की मुकाट्याने तीच वजाबाकीची ओळ लिहिते. किती जणींच्या वह्या मी अशा पगारी धरल्या असतील?

'शिक्षणाचा परतावा', म्हणजे शिक्षणाच्या एकेका वर्षामागे कमाई किती वाढते ते, म्हणत म्हणत जन्म गेला. रागच आला आज. कुणावर, ते नीटसं कळलं नाही. समीकरणावर तर नाहीच. त्याने मला निदान हजर तरी धरलं. घरात तेवढंही कुणी...

रात्री बसून उगाच आकडेमोड केली. मिन्सरच्या गणितात अनुभवाचा गुणक ०.०८१, अनुभवाच्या वर्गाचा उणे ०.००१२. म्हणजे कमाईचं शिखर अनुभवाच्या चौतिसाव्या वर्षाच्या आसपास. ३२ धरले तर माझी चढण संपत आली. २६ धरले तर अजून आठ वर्षं वर जायचंय, आणि निवृत्ती दोन वर्षांवर! हसूच फुटलं. बाईच्या जातीला पुरुषांच्या आलेखावर चढवून वर शिखर कुठे म्हणून विचारतेय.

पोरीला उद्या सांगायला हवं, चाचणीची ती ओळ पुसून टाक. नाहीतर राहून जाईन मी नमुन्यात, ३२ वर्षांच्या अनुभवासकट.