बागोरीचा गेंडा आणि चरकाचा श्लोक

गुवाहाटी ते काझीरंगा हा सगळा रस्ता मी झोपेत काढला. दुसऱ्या दिवशी बागोरी रेंजमधला दुपारचा अर्धा तास मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

जिप्सी थांबली तेव्हा गेंडा वीस-पंचवीस पावलांवर चरत होता. अंगावर चिखल वाळलेला, पाठीवर बगळा, कान सारखे हलते. गवत तुटल्याचा आवाजसुद्धा आम्हाला ऐकू येत होता. तेवढ्यात आमच्यातल्या एका काकांनी गाइडला विचारलं, याच्या शिंगाचं औषध इथे कुठे मिळतं?

गाइडचा चेहरा उतरला. म्हणाला, जवळच्या बोकाखात गावात २०२१ मध्ये सरकारने २,४७९ शिंगं जाळली, ती लोकांच्या डोक्यातून हेच जावं म्हणून. मला राहवलं नाही. "अहो काका, आपल्या नखांत जे केराटिन असतं, त्याचंच हे शिंग!" आवाज जरा चढलाच. काका गप्प झाले, आणि मला लगेच वाईट वाटलं.

कारण गेंड्याकडे औषध म्हणून बघणारे काका काही पहिले नव्हेत. चरकसंहितेत गेंड्याचं मांस गोड, बळ देणारं, थकवा घालवणारं म्हटलंय. सुश्रुतसंहितेत ते कफ कमी करणारं, आयुष्य वाढवणारं आणि 'पित्र्य', म्हणजे पितरांना चालणारं. मनुस्मृती तर सांगते की श्राद्धात हे मांस वाढलं की पितर कायमचे तृप्त होतात. आणि याच भूमीत बौद्धांच्या खग्गविसाण सुत्ताने भिक्खूला 'गेंड्याच्या शिंगासारखा एकटा फिर' असं सांगितलं, जैनांनी तीर्थंकर श्रेयांसनाथांचं लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, म्हणून गेंडाच घेतला. आपल्या प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये चाकांवरचा ब्राँझचा गेंडा सापडला, तो घडवणाऱ्याने या जनावराकडे किती प्रेमाने पाहिलं असेल! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काझीरंगात मोजकेच गेंडे उरले होते. २०२२ च्या गणतीत २,६१३ भरले, ते पहारा देणाऱ्या माणसांमुळे.

हे सगळं मी गाइडला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "मतलब, खाते थे?"

मी हो म्हटलं. तो बराच वेळ गेंड्याकडे बघत राहिला. काकाही बघत होते. गेंडा हळूहळू हत्तीगवतात शिरला, आणि मग गवताच्या वरून फक्त पाठीवरचा बगळा पुढे जाताना दिसत राहिला.