तुम्ही विचारलंत म्हणून: भुऱ्याचा कान आम्ही घरी का टोचतो

"इन्सुलिन देता ते ठीक, पण वरून त्याचा कान कशाला टोचता? दवाखान्यात नेऊन साखर तपासून आणता येत नाही का?"

आमच्या बोक्याबद्दल, भुऱ्याबद्दल, हे मला जिन्यात विचारतात, ऑफिसात विचारतात, अमरावतीहून नणंद फोनवर विचारते. परवा बर्डीच्या बाजारात साखर मोजायच्या स्ट्रिप घ्यायला गेले तर दुकानातल्या माणसानंही पैसे मोजता मोजता विचारलं. शेजारच्या काकू तर सरळच म्हणाल्या, "काहून टोचून राहिल्या वो त्या मुक्या जनावराले? पाप लागते." मी दर वेळी अर्धंच उत्तर देते. पूर्ण उत्तर उभ्याउभ्या देण्यातलं नाही आणि अर्ध्या उत्तरानं कोणाचं समाधान होत नाही. म्हणून आता बसून लिहिते.

भुऱ्याला शुगर आहे हे कसं कळलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. एप्रिलमध्ये तो वाटीमागून वाटी पाणी पीत होता, तेव्हा "नागपूरचा उन्हाळा आहे, पिणारच" असं तुम्हीही म्हणालात आणि आम्हीही. त्याच्या शू करायच्या ट्रेला मुंग्या लागल्या तेव्हा सासूबाईंनीच ओळखलं. त्यात परत शिरत नाही.

दवाखान्याचं सांगते. भुऱ्या आठ वर्षांचा बोका आहे, आणि आमच्या त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटबाहेरचं जग त्यानं फारसं पाहिलेलं नाही. त्याला टोपलीत घालायचं, स्कूटरवर रिंग रोडच्या हॉर्नांतून न्यायचं, तिथं बाकावर शेजारी एखादा कुत्रा धापा टाकत बसलेला. मग दोन अनोळखी माणसं त्याला टेबलावर दाबून धरणार. अशा वेळी मांजराची साखर चढते. घाबरलं की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. हे सगळ्याच प्राण्यांत होतं, पण मांजरांत फार जोरात होतं. मधुमेह नसलेल्या मांजराची साखरसुद्धा नुसत्या भीतीनं 300 च्या वर जाऊ शकते. म्हणजे टेबलावर येणाऱ्या आकड्यात आजार किती आणि भीती किती, हे त्या आकड्याकडे बघून कोणालाच सांगता येत नाही.

आमचं तसंच झालं. सुरुवातीला भुऱ्याला ग्लार्जिन इन्सुलिन एक युनिट सकाळी आणि एक युनिट रात्री होतं. पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा तिथं 418 आली. डोस एकाचे दोन झाले. डॉक्टरांवर माझा राग नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगायचं तर तेव्हा होता, आणि थोडा अजूनही आहे. त्यांच्यासमोर तोच एक आकडा होता हे मला कळतं. पण भुऱ्या त्या टेबलावर थरथरत होता, हेही त्यांच्यासमोरच होतं.

पुढे जे घडलं ते मी फार कोणाला सविस्तर सांगितलेलं नाही.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते रणरणते दिवस, चालू होता. दुपारचे दोन वाजून गेलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही, हॉलमध्ये कूलर लावून सासूबाई दिवाणावर आडव्या झालेल्या आणि भुऱ्या कूलरसमोर फरशीवर ताणून दिलेला. उन्हाळ्यात रोज दुपारी तो असाच पडतो. मी दही काढायला फ्रिज उघडला. आमच्या घरात फ्रिज उघडला की भुऱ्या असेल तिथून येतो, गाढ झोपेतूनही येतो. तो आला नाही. मी हाक मारली. कान हलला, पण डोकं उचलायला त्याला वेळ लागला. मग तो उठला, दोन पावलं आला आणि त्याचे मागचे पाय एका बाजूला सरकले. पुन्हा उभा राहिला, पुन्हा सरकला. डोळे उघडे होते, बुबुळं मोठी झालेली, पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

मला वाटलं ऊन लागलं. मी ओला टॉवेल आणायला धावले. सासूबाई उठून बसल्या, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "ऊन नाही वो, याची शुगर उतरली. मले नाही का होत असं? माझी मशीन आण." त्या स्वतः वर्षानुवर्षं इन्सुलिनवर आहेत. हातपाय गळणं, घाम, डोळ्यांसमोर धुकं, हे त्यांना आतून माहीत आहे. मी म्हटलं, माणसाची मशीन मांजराला कशी चालेल? त्या म्हणाल्या, "पहिले आण, मग पाहू."

त्यांनीच त्याला मांडीवर घेतलं. कान उजेडासमोर धरला तेव्हा कडेनं जाणारी बारीक शीर लाल दोऱ्यासारखी दिसत होती. उन्हाळ्यामुळे कान गरमच होता. सासूबाईंनी कानामागे बोट ठेवलं, कडेला टोचलं, आणि मोहरीएवढा थेंब आला. भुऱ्या हललासुद्धा नाही. एरवी नख कापायलाही हात लावू न देणारा बोका सुई टोचल्यावर हलला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. मीटरवर 41 आली.

मध होता. बोटावर घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळला. तोंडात पाणी ओतायचं नाही, एवढं सासूबाईंनी बजावलं. अर्धवट शुद्धीत ते फुप्फुसात जाऊ शकतं. ह्यांनी ऑफिसातून दवाखान्यात फोन लावला. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं: 46. पुन्हा मध. मग 63. मग त्यानं जीभ काढून ओठ चाटला आणि मला रडू फुटलं. त्याला खायला दिलं, त्यानं खाल्लं, आणि आम्ही संध्याकाळपर्यंत तसंच टोचत आणि बघत बसलो, कारण ग्लार्जिन लांब पल्ल्याचं इन्सुलिन आहे आणि मधाची साखर लवकर संपते. वर आली म्हणून उठून गेलो असतो, तर पुन्हा उतरली असती.

डॉक्टरांनी फोनवर रात्रीचा डोस द्यायला मनाई केली. नंतर भेटले तेव्हा स्वतःच म्हणाले, "आता मला घरचे आकडे आणून द्या. माझ्या टेबलावरच्या आकड्यावर मी याचा डोस वाढवणार नाही." हे म्हणायला मोठेपणा लागतो आणि तो त्यांनी दाखवला, हेही लिहिलं पाहिजे. डोस पुन्हा एकावर आला.

आता तुमचे बाकीचे प्रश्न.

लघवी तपासली तर चालत नाही का? नाही. मांजराची रक्तातली साखर साधारण अडीचशेच्या पुढे गेली की मगच ती लघवीत उतरते. लघवीत साखर नाही याचा अर्थ रक्तात 180 असेल किंवा 45 असेल. मला भीती 45 ची आहे.

महिन्यातून एकदा ती रक्ताची मोठी तपासणी केली तर? फ्रुक्टोसामीन म्हणतात तिला. ती चांगली आहे, आम्ही करतो. मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी साखर त्यातून कळते आणि तासाभराच्या भीतीनं ती बदलत नाही. पण सरासरीत खड्डा दिसत नाही. सकाळी 350 आणि दुपारी 45 असलेल्या बोक्याची सरासरीही बरी दिसेल.

माणसाचं मीटर मांजराला बरोबर दाखवतं का? तंतोतंत नाही. मांजराच्या रक्तात पेशींमधली आणि बाहेरच्या द्रवातली साखर माणसाच्या प्रमाणात वाटलेली नसते, म्हणून आपलं मीटर बहुधा खऱ्यापेक्षा थोडं कमी दाखवतं. प्राण्यांसाठी वेगळी मीटरं असतात, त्यांच्या स्ट्रिप महाग पडतात. आम्ही डॉक्टरांना कोणत्या मीटरचा आकडा आहे ते सांगतो आणि मीटर बदलत नाही. डोस ठरवताना आज चढ आहे की उतार, हे महत्त्वाचं.

सासूबाईंच्याच सुया वापरता का, असंही एकीनं विचारलं. कृपा करून असं कोणीही करू नका. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं, एका मिलीत 40 युनिट आणि एका मिलीत 100 युनिट. सासूबाईंचं 40 चं, त्यांच्या सिरिंजला लाल टोपण. भुऱ्याचं ग्लार्जिन 100 चं, त्याच्या सिरिंजला नारिंगी टोपण. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 100 चं इन्सुलिन एका रेघेपर्यंत भरलं तर ते एक युनिट नसतं, अडीच युनिट असतं. चार किलोच्या जिवाला अडीचपट. आमच्या फ्रिजमध्ये दोन्ही औषधं दोन वेगळ्या खणांत, वेगळ्या डब्यांत, सिरिंजसकट ठेवलेली आहेत.

आणि त्रास. तुमच्या प्रश्नातला खरा प्रश्न तोच आहे, हे मला कळतं.

पहिल्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर मीच लिहिलंय: "घरी टोचायचं नाही. घर त्याला सुरक्षित वाटलं पाहिजे." हे लिहिणाऱ्या बाईशी मी अजून भांडते. तिला सांगते, तू कूलरसमोर पडलेल्या बोक्याला झोपलाय समजून पुढे गेली असतीस. ती मला सांगते, तू लॅन्सेट, ती टोचायची बारीक सुई, हातात घेतलीस की तो पलंगाखाली जातो, ते बघ. तिचं म्हणणं खोटं नाही. पहिले काही आठवडे तो खरंच पलंगाखाली जायचा. आता कमी जातो. रोज तीच जागा, खिडकीशेजारचं स्टूल, तोच टॉवेल, टोचण्याआधी थोडं खाजवणं, कानाच्या कडेला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, मागे कापसाची घडी, आणि थेंब आला की उकडलेल्या चिकनचा तुकडा. थेंब आला नाही तरी तुकडा. डिसेंबरात कान थंडगार असतो, तेव्हा कोमट पाण्यात पिळलेला रुमाल मिनिटभर धरावा लागतो. मे महिन्यात उलटं, कान लगेच थेंब देतो पण मीटर कुरकुरतं. खोली चाळिशीच्या वर गेली की आमचं मीटर आकड्याऐवजी तापमानाची खूण दाखवतं. स्ट्रिपची डबी कूलरच्या ओलाव्यात उघडी ठेवायची नाही.

हे सगळं शिकल्यावरही तो कधी कधी कान मागे पाडतो आणि माझ्याकडे असा बघतो की मी मीटर बाजूला ठेवते. डोसच्या आधीचं टोचणं मात्र चुकवत नाही. साखर न बघता इन्सुलिन द्यायला माझा हात धजत नाही. मधल्या वेळेचं टोचणं मी त्याच्यासाठी करते की स्वतःच्या धास्तीसाठी, हे लेक मला विचारते, आणि मला दर वेळी उत्तर देता येत नाही. रात्री तीनला उठून एकदा टोचलं होतं, आकडा 160 होता. ते नक्कीच माझ्यासाठी होतं.

लेक सेन्सर लावू या म्हणते. माणसांच्या दंडाला लावतात तोच, खांद्याजवळचे केस काढून मांजरांनाही लावतात, चौदा दिवसांपर्यंत चालतो, टोचायला नको. पण तो भुऱ्यानं खाजवून काढला तर पैसे गेले, आणि तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे रक्ताच्या थोडा मागे चालतो. फार कमी आकडा दाखवला तर खात्रीला शेवटी कानच टोचावा लागतो. हे म्हणतात एकदा लावून बघू. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आणि हे किती दिवस चालणार? कोरडं खाणं बंद करून पिष्ट नसलेलं ओलं खाणं सुरू केल्यापासून त्याचे सकाळचे आकडे उतरत आहेत. काही मांजरांचं इन्सुलिन वेळेवर उपचार झाले तर सुटतंही, आणि सुटायच्या बेतात असतानाच जुना डोस सगळ्यात धोक्याचा असतो. म्हणून या रविवारी कर्व्ह करायचा आहे: सकाळच्या डोसपासून रात्रीच्या डोसपर्यंत दर दोन तासांनी एक थेंब. तो बघून डॉक्टर अर्धं युनिट करायचं का ते ठरवतील. काकूंना एवढंच सांगणं आहे की रविवारी त्याला दूध-बिस्कीट देऊ नका. आणि दिलंच तर मला सांगा, मी रागावणार नाही; आकडा कशानं चढला ते वहीत लिहायला पाहिजे.